सुईचा नंबर वाढला की सुई बारीक, नळीचा नंबर वाढला की नळी जाड. हे कुणी ठरवलं?

रंकाळ्याचा_कट्टा (धागाकर्ता)

मंडळी, गेले चार दिवस मुक्काम पोस्ट दवाखाना. बाबांची (वय ७४) लघवी अडली म्हणून दाखल केलंय. प्रोस्टेट. आता बरे आहेत. डब्यात तांबडा रस्सा का नाही म्हणून सिस्टरशी भांडण्याइतके बरे.

किस्सा पहिल्या रात्रीचा. साडेबारा वाजता हातात चिठ्ठी पडली : फोलीज (लघवीची नळी) १६, युरोबॅग (लघवीची पिशवी), कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत ठेवतात ती) २०, सुया वगैरे. खाली मेडिकलमध्ये २० ची कॅन्युला संपलेली. पोरगा म्हणाला, १८ देऊ का २२? मी डोकं चालवलं. बाबांच्या शिरा बारीक, म्हणजे लहान नंबर बरा. १८ घेऊन तीन जिने चढून वर (लिफ्ट बंद). सिस्टरनी आधी पाकिटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अहो, बारीक पाहिजे तर नंबर वरचा आणायचा. ही जाड आहे." परत खाली, २२ घेऊन वर.

तासाभरानं डॉक्टर म्हणाले, १६ ची फोलीज जात नाहीये, १४ आणा. आता मी शहाणा झालो होतो. म्हटलं १४ म्हणजे अजून जाड, डॉक्टर झोपेत बोलले असणार. मी परस्पर १८ आणली.

हसू नका. सिस्टर पुरेशा हसल्या.

तर प्रश्न असा : एकच पेशंट, एकच चिठ्ठी, आणि दोन उलटे नियम? हे कुणी ठरवलं, आणि सरळ मिलीमीटरमध्ये का लिहीत नाहीत?

खासबागेतला_पैलवान

दोन्ही वेळा चुकलात याचं कौतुक वाटलं. नुसतं नाणं उडवलं असतं तरी एकदा बरोबर आला असता. हसून हसून पुरती वाट. बाबांना नमस्कार सांगा.

भूलवाला_डॉक

कट्टा, तुमचं लॉजिक चुकलं नाही, दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्या एकत्र झाल्या. थोडक्यात सांगतो.

सुई आणि सलाईनची कॅन्युला (आपल्याकडं अजून 'इंट्राकॅथ' म्हणतात ती) गेजमध्ये मोजतात. मूळ बर्मिंगहॅमचं तारेचं गेज. नंबर वाढेल तशी सुई बारीक. १८ गेजची सुई बाहेरून सुमारे १.२७ मिमी, २१ ची ०.८२, २३ ची ०.६४, २६ ची ०.४६. आकड्यांत ठरावीक अंतर नाही, सूत्र नाही. तक्ता पाठ करायचा, नाहीतर पाकीट वाचायचं.

फोलीज, नाकातली रायल्स ट्यूब, सक्शनची नळी हे सगळं फ्रेंचमध्ये. पाकिटावर 'एफआर' किंवा 'सीएच' असतं. हे 'सीएच' म्हणजे शारिएर. जन्मानं स्विस, पॅरिसमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायचा (१८०३ ते १८७६). चाकू-सुऱ्या करणाऱ्याच्या हाताखाली शिकला आणि १८४२ मध्ये ही पट्टी काढली. नियम अगदी साधा : बाहेरचा व्यास मिलीमीटरमध्ये घ्या, तिनानं गुणा. १६ फ्रेंच म्हणजे ५.३३ मिमी, १४ म्हणजे ४.६७. नंबर वाढला की नळी जाड.

त्या रात्री तुम्ही ४.६७ च्या जागी ६ मिमीची नळी घेऊन आला होतात. बाबा नशीबवान, की सिस्टर जाग्या होत्या.

अर्धवट_पण_ठाम

डॉक, छोटी दुरुस्ती. फ्रेंच म्हणजे व्यास नाही, घेर. १६ फ्रेंच म्हणजे १६ मिमी घेर. आम्हाला असंच शिकवलंय.

भूलवाला_डॉक

बऱ्याच जणांना असंच शिकवलंय, कारण उत्तर जवळपास येतं. घेर काढायला व्यासाला ३.१४ नं गुणायचं, शारिएरनं ३ नं गुणलं. १६ फ्रेंचचा खरा घेर पावणेसतरा मिमी भरतो. लघवीच्या वाटेला पाऊण मिलीमीटरचं काही नसतं, पण व्याख्या व्यासाचीच.

अर्धवट_पण_ठाम

मान्य. आयडी बदलायला टाकतो.

सिस्टरताई_सीबीएस

बावीस वर्षं वॉर्डात काढली, म्हणून सांगते. नंबर कुणी पाठ करत नाही, रंग पाठ करतात. आणि खरी मेख रंगांतच आहे.

सुईच्या बुडाचा प्लास्टिकचा रंग : १८ गुलाबी, २१ हिरवा, २२ काळा, २३ निळा, २४ जांभळा, २५ नारिंगी, २६ तपकिरी.
कॅन्युलाचा : १४ नारिंगी, १६ करडा, १८ हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा.
फोलीजचा : १२ पांढरा, १४ हिरवा, १६ नारिंगी, १८ लाल, २० पिवळा, २२ जांभळा.

आता नारिंगी बघा. सुईत नारिंगी म्हणजे केसासारखी, अर्धा मिमी. कॅन्युलात नारिंगी म्हणजे सगळ्यात दांडगी, दोन मिमीच्या वर, अपघाताच्या पेशंटला घाईत रक्त चढवायला. फोलीजमध्ये नारिंगी म्हणजे आपली रोजची १६. आणि तुम्ही मेडिकलमध्ये जाऊन म्हणणार, "दादा, नारिंगी द्या."

नवीन पोरी येतात त्यांना मी पहिल्या दिवशी एकच सांगते : नुसता रंग सांगायचा नाही, नुसता नंबर सांगायचा नाही. "हिरवी दे" म्हणालीस तर ट्रेमध्ये तीन हिरव्या आहेत. वस्तू, नंबर आणि पाकीट फाडायच्या आधी डोळ्यांनी वाचणं. एकदा एकीनं गुलाबी मागवली, हातात सुई आली, तिला कॅन्युला पाहिजे होती. पेशंटनं विचारलं, "बाई, ही कशाला?" तिनं सांगितलं, "औषध काढायला." हजरजबाबी होती.

रंकाळ्याचा_कट्टा

ताई, हे आधी माहीत असतं तर तीन जिने वाचले असते. वाचनखूण साठवली.

वायंडिंगवाला

गेज म्हटलं की आमच्या पोटापाण्याचा विषय. उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान, तिसरी पिढी. उसाचा हंगाम आला की सबमर्सिबल जळून येतात, रोज चार-पाच. आमची तांब्याची तार पण गेजमध्येच, आम्ही एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) म्हणतो. नंबर वाढला की बारीक. जाड तार पाहिजे तर खालचा नंबर. लहानपणी मी पण तुमच्यासारखाच चुकलो होतो, फक्त मला सिस्टर नव्हत्या, वडिलांची चप्पल होती.

डॉक्टरांचं वाचून काल घरात पडलेली, न वापरलेली काळी २२ ची सुई मायक्रोमीटरमध्ये धरली. ०.७२ मिमी. आमची २२ ची तार ०.७११. मग निळी २३ धरली, ०.६४ आली आणि आमची २३ ची तार ०.६१. म्हणजे पट्ट्या सख्ख्या बहिणी नाहीत, पण चुलत नक्की. पाकिटावर मात्र ०.७ आणि ०.६ असं गोल छापलंय.

आमच्या पट्टीचा इतिहास आजोबांनी सांगितलेला : जुन्या काळी इंग्लंडात प्रत्येक तारवाल्याचं आपापलं गेज होतं, एकाचा २० दुसऱ्याला चालायचा नाही. म्हणून सरकारनं १८८४ पासून एकच गेज कायद्यानं लावलं, तेच आमचं एसडब्ल्यूजी. सुईवाले जुन्याच पट्टीवर राहिले असं दिसतंय.

पण नंबर उलटा का, हे आजोबांना कधी विचारलंच नाही.

हुपरीचा_पैंजण

हे मी सांगतो, कारण माझ्या घरात ते रोज होतं.

आमच्याकडं चांदीची तार जंतरातून ओढतात. जंतर म्हणजे पोलादाची जाड पट्टी. तिच्यात ओळीनं भोकं, पहिलं मोठं, पुढं पुढं बारीक होत जाणारी. चांदीची कांडी घ्यायची, टोक कानशीनं निमुळतं करायचं, पहिल्या भोकातून घालायचं, पलीकडून सांडशीत धरून ओढायचं. मग दुसरं भोक, मग तिसरं. तीन-चार ओढींनंतर तार ताठ होते, मग आगीवर लाल करून गार करायची, परत ओढायची. जितक्या ओढी जास्त, तितकी तार बारीक.

आता 'नंबर' काय असेल? किती वेळा ओढली तो आकडा. पाच ओढींची पाच नंबर, वीस ओढींची वीस नंबर. उलटं काहीच नाही, कारागिरासाठी ते सरळच आहे. तो जाडी मोजत नाही, कष्ट मोजतो. माझा आजा तार हातात घेऊन "ही बाराची" म्हणायचा आणि ती बाराची असायची.

वायंडिंगवाला

साठ वर्षांचा प्रश्न सुटला. भावा, एक वडा-चहा उधार.

भूलवाला_डॉक

हुपरीकर, सुंदर. गेजच्या नंबरांचं मूळ हेच सांगतात. एक भर : सुईसुद्धा ओढूनच करतात. स्टेनलेस स्टीलची पट्टी गुंडाळून नळी करायची, जोड वेल्ड करायचा, मग ती नळी भोकांतून ओढत बारीक करायची. टोकाला तीन बाजूंनी घासून धार. तर तुमच्या आजोबांना सुईचा कारखाना बघून काही नवल वाटलं नसतं.

इचलकरंजीचा_माग

आमच्याकडं हा उलटसुलट घोळ रोजचाच. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक. २० चं जाडं, ६० चं तलम. कारण काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात. बारीक सूत असेल तर जास्त बसतात. आणि पॉलिस्टरवाले डेनियरमध्ये बोलतात, ९००० मीटरचं वजन किती ग्रॅम. तिथं आकडा वाढला की धागा जाड. एकाच शेडमध्ये दोन्ही चालतं आणि कुणी रडत नाही. तुम्ही दवाखान्यात एका रात्रीत रडलात.

रंकाळ्याचा_कट्टा

रात्री साडेबाराला तीन जिने चढून बघा, मग बोला.

पुण्याहून_पाहुणा

सगळं रंजक आहे, पण मूळ मुद्दा सुटतोय. आपण १९५० च्या दशकातच मेट्रिक स्वीकारलं. ओढी मोजणारा कारागीर गेला, शारिएर गेला. मग नर्सनं दोन उलट्या पट्ट्या का वागवायच्या? सरळ मिमी लिहा. हा निव्वळ सवयीचा आळस आहे.

सिस्टरताई_सीबीएस

पाहुणे, मिमी लिहिलेलंच असतं. सुईच्या पाकिटावर बघा : ०.६ x २५ मिमी, बाजूला २३ गेज x १ इंच. तुम्हाला मिमी वाचायचं असेल तर वाचा. पण रात्री तीनला, हातात रडणारं बाळ, आणि मी ओरडणार "शून्य पूर्णांक पंचावन्न आण"? मी म्हणणार "चोवीस आण". आळस नाही तो, जीभ आहे.

पुण्याहून_पाहुणा

पण मग तुमच्याच म्हणण्याप्रमाणे "चोवीस" म्हणजे फोलीजही असू शकते, ८ मिमीची. मग जिभेवर विसंबायचं कसं?

सिस्टरताई_सीबीएस

रडणाऱ्या बाळाला ८ मिमीची नळी कुणी लावत नाही हो. पण तुमचं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच वस्तूचं नाव आधी, नंबर नंतर.

गोठा_मुक्काम_कागल

आमच्या म्हशीला डॉक्टर १४ नाहीतर १६ ची सुई लावतो. दोन वर्षांमागं व्याल्यावर दुधाचा ताप आला, म्हैस मान टाकून बसली. कॅल्शियमची बाटली शिरेतून. सुई बघून माझाच घसा कोरडा. पण डॉक्टर म्हणाला, सुई जाड असली तरी बाटली सावकाशच सोडायची, घाई केली तर काळीज थांबतं. अर्ध्या तासात म्हैस उठून वैरण खायला लागली. आता तीच बया डॉक्टरची गाडी दिसली की दावं तोडते. तिला गेज बरोब्बर कळतं.

खासबागेतला_पैलवान

१६ वरून आठवलं. गणपतीत मंडळाचं रक्तदान शिबिर. आमच्या तालमीतला एक गडी, नाव घेत नाही, छाती बेचाळीस, रोजची दोन हजार बैठक. खाटेवर झोपला, हातात बॉल दाबतोय, सगळ्यांशी बोलतोय. ब्रदरनी सुईचं टोपण काढलं. गड्यानं मान वळवून बघितलं, म्हणाला "ही माणसाचीच आहे न्हवं?" आणि गेला. रक्त एक थेंब निघालं नव्हतं. पाय वर केले, लिंबूपाणी पाजलं. नंतर कळलं की रक्तदानाची सुई १६ ची असते. म्हणजे कागलकरांच्या म्हशीची.

गोठा_मुक्काम_कागल

आमची म्हैस निदान उभी राहते.

लॅबवाला_पिंट्या

सगळ्यांना बारीक सुई पाहिजे असते. रोज सकाळी कलेक्शनला येणारे दहातले पाच म्हणतात, लहान मुलांची लावा. त्यांना सांगून थकलो म्हणून इथं लिहितो. फार बारीक सुईतून जोर लावून रक्त ओढलं की तांबड्या पेशी फुटतात. पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, ते बाहेर येतं, रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं, डॉक्टर घाबरतात, पुन्हा सुई. म्हणजे एका बारीक सुईच्या हट्टापायी दोनदा टोचून घेतलं. मोठ्या माणसाला २१ किंवा २२ नंच बरं. शीर नाजूक असेल तर २३ ची फुलपाखरू (पंखांची सुई), पण ओढायचं हळू.

वायंडिंगवाला

डॉक, एक शंका. सलाईन भरभर जायला जाड कॅन्युला, हे पाइपाचंच गणित झालं. आमच्याकडं दीड इंचीच्या जागी दोन इंची टाकली की शेतकरी खूश. पण किती फरक पडतो?

भूलवाला_डॉक

प्वाझेय नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८४० च्या दशकात बारीक नळ्यांतून पाणी सोडून हेच मोजलं. त्याचा नियम : ओघ त्रिज्येच्या चौथ्या घातावर. त्रिज्या दुप्पट केली की ओघ सोळापट. म्हणून अपघाताच्या पेशंटला आम्ही मानेतल्या लांब नळीच्या मागं धावत नाही, आधी हातात दोन आखूड जाड कॅन्युला. लांबी वाढली की ओघ कमी होतो, तेही त्याच नियमात.

पाकिटावर साधारण असं लिहिलेलं असतं : २४ मधून मिनिटाला २० मिली, २२ मधून ३६, २० मधून ६०, १८ मधून ९०. कंपनीप्रमाणं थोडं इकडंतिकडं.

वायंडिंगवाला

डॉक, हिशोब जमत नाही. २४ ची कॅन्युला बाहेरून ०.७ आणि १८ ची १.३, म्हणजे जवळजवळ दुप्पट. २० चे सोळापट ३२० व्हायला पाहिजेत. ९० च का? साडेचारपट.

भूलवाला_डॉक

पकडलंत. दोन कारणं. एक, नियम आतल्या व्यासाचा आहे आणि आपण बाहेरचा मोजतोय. दोन, नियम शांत, सरळ वाहणाऱ्या पाण्याचा आहे आणि लांब नळीचा. आखूड कॅन्युलातून पाणी जोरात गेलं की त्यात भोवरे होतात, तोंडाशी अडथळा होतो, मग सोळापट राहत नाही. तुमच्या पाइपलाइनलाही एल्बो लावला की हेच होतं.

वायंडिंगवाला

एल्बोवर समजलं.

अर्धवट_पण_ठाम

परत येतोय, आता कमी ठाम. आतला आणि बाहेरचा व्यास हा मुद्दा फोलीजलाही लागू आहे ना? सासऱ्यांना लॅटेक्सची १६ होती, सारखी तुंबायची. मग डॉक्टरनी सिलिकॉनची लावली, तीही १६ च, पण तुंबणं कमी झालं. मेडिकलवाला म्हणाला, महाग म्हणून चांगली. मला पटलं नाही.

भूलवाला_डॉक

यावेळी शंभर टक्के बरोबर. फ्रेंच नंबर बाहेरचा. सिलिकॉनची भिंत पातळ करता येते, त्यामुळं त्याच १६ मध्ये आतली वाट मोठी. आणि तीन तोंडाच्या नळीत उलट. तिच्यात फुगा फुगवायची वाट, पाणी आत सोडायची वाट आणि लघवी बाहेर यायची वाट, तिन्ही एकाच जाडीत कोंबलेल्या. म्हणून थ्री-वे नेहमी मोठ्या नंबरची लागते.

आणखी घोळ पाहिजे असेल तर : आम्ही श्वासनलिकेत घालतो ती नळी ना गेजमध्ये ना फ्रेंचमध्ये. ती मिलीमीटरमध्ये, आणि तीही आतल्या व्यासाची. ७.५ म्हणजे आतून ७.५. पाहुण्यांना पाहिजे होतं ते मिलीमीटर तिथं आहे.

अर्धवट_पण_ठाम

आयडी तसाच ठेवतो मग.

कॅथलॅबचा_टेक्निशियन

मजा आमच्याकडं आहे. अँजिओग्राफीला मनगटातून जायचं असेल तर सहा फ्रेंचचं शीथ (बाहेरची नळी, जिच्यातून बाकीच्या नळ्या आत जातात). पण शीथचा सहा म्हणजे आतला. सहा फ्रेंचची नळी आतून जाईल असं शीथ, बाहेरून ते जास्त जाड. त्यातून जाणारी नळी सहा फ्रेंच, ती बाहेरून दोन मिमी. वायर इंचात : ०.०३५ ची, आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायची ०.०१४ ची. स्टेंट मिलीमीटरमध्ये, ३ बाय २८. बलून फुगवायचा तो वातावरणांच्या दाबात. आणि पेशंटचे नातेवाईक बाहेर विचारतात, किती टक्के ब्लॉक. एका टेबलावर पाच भाषा.

शाहूपुरीची_वहिनी

अवांतर आहे, पण लिहिते, कारण सुईपेक्षा यात धोका जास्त. आमच्या सासूबाईंना इन्सुलिन आहे. आपल्याकडं कुपी ४० युनिटची मिळते आणि १०० ची पण. सिरिंजही दोन : ४० वाली लाल टोपणाची, १०० वाली नारिंगी टोपणाची. एकदा मेडिकलमध्ये लाल संपली होती, पोरानं नारिंगी दिली, "सेम आहे काकू" म्हणाला. सेम नाही! ४० ची कुपी १०० च्या सिरिंजमधून भरली तर औषध अडीचपट कमी जातं, उलट केलं तर अडीचपट जास्त. नशिबानं नणंद घरी होती, तिनं टोपण बघून थांबवलं. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला पाहिजे, बाकी गेज कितीही असो.

सिस्टरताई_सीबीएस

वहिनी, हे प्रत्येक घरात चिकटवून ठेवण्यासारखं. परत नारिंगीच बघा!

हुपरीचा_पैंजण

या नारिंगीला कोल्हापुरातून हद्दपार करा.

लॅबवाला_पिंट्या

एक सुटलेला मुद्दा, लांबी. गेज नुसती जाडी सांगतो. तीच २३ ची सुई एक इंचीही असते, दीड इंचीही. ढुंगणावर घ्यायचं इंजेक्शन, माणूस भरदार आणि सुई आखूड असेल, तर औषध स्नायूत न जाता चरबीत राहतं. चिठ्ठीवर दीड इंची लिहिलं असेल तर दीड इंचीच आणा. आणि सिरिंजची काळजी करू नका. नेहमीच्या सिरिंजवर कुठल्याही गेजची सुई बसते, सुईच्या बुडाचा आकार एकच ठेवलाय, सहा टक्के निमुळता. हे एक तरी माणसांनी जगभर एकसारखं केलं.

पुण्याहून_पाहुणा

म्हणजे ठरवलं तर जमतं!

सिस्टरताई_सीबीएस

पाहुणे, तुम्ही हरत नाही हां. मिसळ खायला या एकदा.

पुण्याहून_पाहुणा

गोड असते का तुमची?

खासबागेतला_पैलवान

याला १६ ची लावा कुणीतरी.

रंकाळ्याचा_कट्टा

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. परवा बाबांचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. त्या संध्याकाळी चिठ्ठी आली : 'थ्री-वे २२'. मी मेडिकलमध्ये छाती काढून म्हटलं, "फोलीज, तीन तोंडी, २२ फ्रेंच, जांभळी." पोरगा मान वर करून म्हणाला, "स्टाफ काय तुम्ही?" मी नाही म्हणालो नाही. पाकीट वाचलं, मगच पैसे दिले. वर सिस्टरनी बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. चार दिवसांत पहिल्यांदा.

दोन दिवस सलाईननं धुणं चाललं, पिशवीत लाल, मग गुलाबी, मग चहासारखं, मग साफ. आज सकाळी नळी काढली, दुपारी आपोआप लघवी झाली, उद्या घरी.

आता गंमत. बाबा उद्यमनगरात चाळीस वर्षं टर्नर होते. लेथवर गेली हयात. त्यांना मी शारिएर, जंतर, ओढी सगळं सांगितलं, त्यांनी मन लावून ऐकलं. हुपरीकरांचं त्यांना एकदम पटलं, म्हणाले कारागीर असंच मोजणार. मग विचारलं, "पण माझ्यात होती ती किती?"

"२२ फ्रेंच."

"मला फ्रेंच सांगू नको. किती?"

"७.३ मिमी."

"सुतात सांग."

मी मोबाइलवर हिशोब केला. इंचाला आठ सूत, एक सूत सव्वातीन मिमीला थोडं कमी. म्हटलं, सव्वादोन सूत, वर थोडी.

बाबांनी अंगठा आणि तर्जनीमध्ये बरोबर सव्वादोन सुताची फट धरली. मायक्रोमीटर लावला असता तरी चुकली नसती. ती फट डोळ्यांपुढं धरून बराच वेळ बघत बसले.

"आधी सांगितलं असतंस," म्हणाले, "तर सही केली नसती."

वायंडिंगवाला

काकांना साष्टांग. घरी आले की सांगा, मायक्रोमीटर घेऊन भेटायला येतो.

सिस्टरताई_सीबीएस

काकांना पाणी भरपूर पाजा, आठवडाभर जड काही उचलू देऊ नका. आणि तांबडा रस्सा अजून नाही.